परसातला तेरडा: तण म्हणून उपटायचा की फूल म्हणून राखायचा?

कुळागरवाली

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमच्या घरामागे सुपारीचे लहानसे कुळागर आहे आणि त्यातल्या पाटाच्या कडेने दर पावसाळ्यात तेरडा आपोआप उगवतो. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी एका नर्सरीतून ‘इम्पेशन्स’ नावाची सहा रोपे आणली, ऐंशी रुपयांना एक याप्रमाणे. चपट्या तोंडाची लाल, नारिंगी आणि पांढरी फुले होती आणि पडवीसमोर ती फार शोभत होती. जुलैच्या संततधारेत सहाच्या सहा रोपे बुडाशी मऊ पडून आडवी झाली. त्याच आठवड्यात कुळागराच्या कामाला येणाऱ्या काकांनी पाटाकडचा गुडघाभर वाढलेला तेरडा कळ्यांसकट उपटून खताच्या खड्ड्यात टाकला. मी हळहळले तर ते म्हणाले, “बाये, ते रान.” म्हणजे तण.

नंतर नर्सरीची चिठ्ठी नीट वाचताना आणि भाचीच्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाहताना लक्षात आले की खड्ड्यात गेलेले आणि कुंडीत कुजलेले, दोघेही एकाच गोत्रातले आहेत. म्हणजे एकाला पैसे मोजून घरी आणायचे आणि दुसऱ्याला फुकट आला म्हणून हाकलायचे, असा हा प्रकार झाला. माझे दोन प्रश्न आहेत. विकतचे का मेले आणि रानातले त्याच पावसात का माजले? आणि कुळागरात तेरडा राहू दिला तर खरोखर काही नुकसान होते का?

म्हापशेकर

सहा गुणिले ऐंशी म्हणजे चारशे ऐंशी रुपये. गणेश चवथ तोंडावर असताना एवढ्या पैशांत गणपतीवर टांगायच्या माटोळीची निदान तोरिंगाची फळे तरी आली असती.

निवृत्त मास्तर

ताई, तुमच्या भाचीचे पुस्तक बरोबर आहे. इम्पेशन्स हे प्रजातीचे नाव असून तिच्यात हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी शंभराहून जास्त पश्चिम घाटात सापडतात आणि त्यांतल्या बहुतेक घाटाबाहेर कोठेच नाहीत. आपला तेरडा म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, मूळचा याच भूमीतला. तुमच्या कुंडीतली वर्णनावरून इम्पेशन्स वॉलेरियाना असावी. ती पूर्व आफ्रिकेतली, केनियापासून मोझांबिकपर्यंतच्या दमट सावलीची. एकेकाळी झांझिबारच्या सुलतानाच्या सन्मानार्थ तिला ‘सुल्तानी’ असे शास्त्रीय नाव होते.

दोन्ही ओळखण्यात गफलत होऊ नये म्हणून सांगतो. तेरड्याचे पान लांबट, काठाला करवतीसारखे दाते असलेले असते, आणि फुले पानांच्या बगलेत खोडाला बिलगून येतात. बोंडावर बारीक लव असते. वॉलेरियानाचे पान रुंद, फूल वर पसरट थाळीसारखे आणि बोंड गुळगुळीत असते. दोघांच्याही फुलाला मागे वाकडी बारीक शेपटी असते. ती एका निदलाचीच, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणातल्या दलाची, लांबवलेली नळी असून तिच्या टोकाशी मध असतो.

‘इम्पेशन्स’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘अधीर’. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली हे नाव रूढ केले. ज्यांनी लहानपणी पिकलेले बोंड चिमटीत धरताच फुटताना पाहिले आहे, त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

पाटकरी

मी काकांच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकतो. आमचे कुळागर सांगे तालुक्यात आहे आणि पावसाळ्यात पाट मोकळा ठेवणे हे तिथले पहिले काम आहे. पाटाच्या तोंडाशी तेरडा माजला की त्याची रसाळ खोडे पडून पालापाचोळा अडवतात, पाणी तुंबते आणि सुपारीच्या मुळाशी साचते. सुपारीला पाणी हवे असते, पण साचलेले पाणी नको असते. शिवाय त्या दाटीत गोगलगायी आणि शंख लपतात. फूल सुंदर आहे म्हणून शेतकऱ्याने त्याला पाटात बसवून घ्यावे, ही पडवीत खुर्ची टाकून बसणाऱ्यांची दृष्टी झाली. राग मानू नये.

कुळागरवाली

पाटकरी दादा, राग नाही. खुर्ची मात्र खरी आहे.

निवृत्त मास्तर

पाटकरींचा मुद्दा पाटाच्या तोंडापुरता मला पूर्ण मान्य आहे, पण पूर्ण कुळागरासाठी नाही. तेरडा वर्षायू आहे. पहिल्या पावसाबरोबर उगवतो, श्रावण-भाद्रपदात फुलतो आणि पाऊस ओसरल्यावर वाळून जातो. मुळे उथळ असतात, दोन बोटांनी ओढले तरी रोप हातात येते. खोड उन्हाकडे धरून पाहा, आतल्या शिरा काचेतून दिसाव्यात तशा दिसतात, कारण त्यात पाण्याशिवाय फारसे काही नसतेच. अशी वनस्पती सुपारीच्या तोंडचा घास कितीसा पळवणार? खरे तण पाहायचे असेल तर कुळागराच्या कडेला रानमोडी किंवा घाणेरी रुजू द्या आणि दोन वर्षांनी मला पत्र पाठवा.

व्हेल्समधला पेडणेकर

मी पेडण्याचा असून गेली अनेक वर्षे व्हेल्समध्ये राहतो. मास्तरांनी इम्पेशन्सला इतके सोज्वळ ठरवल्यामुळे मला लिहावेसे वाटले. इथल्या नदीकाठी आपल्याच हिमालयातली एक बहीण राज्य करते आहे, इम्पेशन्स ग्लँड्युलिफेरा. जॉन फोर्ब्स रॉइल यांनी १८३९ साली ती बागेची शोभा म्हणून इंग्लंडात आणली. बागेच्या कुंपणावरून ती कधी उडाली हे कोणाला कळले नाही, पण आज ती माणसाहून उंच वाढते. एका रोपाला शेकड्यांनी बिया येतात, बोंड फुटले की बी सात मीटरपर्यंत फेकले जाते, आणि काठावरून पाण्यात पडले की पुढचा प्रवास नदी फुकटात घडवते. थंडीत ती मरून जाते तेव्हा काठ उघडाबोडका राहतो आणि पुराच्या पाण्यात माती वाहून जाते. मधमाश्यांना तिचा मध इतका आवडतो की शेजारच्या इथल्या मूळच्या फुलांकडे त्या कमी फिरकतात.

ब्रिटनमध्ये ती रानात लावणे हा गुन्हा आहे. युरोपीय संघाने २०१७ साली तिला आक्रमक परकीय जातींच्या यादीत घातले. शेवटी इलाजही आपल्याकडूनच आणावा लागला. तिच्यावर हिमालयात पडणारी एक तांबेऱ्याची बुरशी शोधून, तपासून, २०१४ पासून इथे मोकळी सोडली आहे. आमच्या गावात दर जूनमध्ये स्वयंसेवक जमतात आणि फुलण्याआधी ती उपटतात. पहिल्या वर्षी मी त्यांच्यात गेलो तेव्हा हातात आलेले खोड, त्याचा तो कच्च्या काकडीसारखा वास आणि मोडतानाचा करकर आवाज इतका ओळखीचा होता की मला क्षणभर आजोळचा व्हाळ आठवला. आपलेच माणूस परक्या मुलखात जाऊन दंगा करताना पाहावे, तसे वाटले.

म्हापशेकर

पेडण्याचे लोक बाहेर जाऊन माजतात, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते.

व्हेल्समधला पेडणेकर

म्हापशेकरांनी शुक्रवारच्या बाजारात भेटावे, उत्तर तेथे दिले जाईल.

पाटकरी

पाहा, माझेच म्हणणे पटले ना? आज जे शोभेचे असते तेच उद्या नदी गिळते.

निवृत्त मास्तर

नाही, पाटकरी, इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. ग्लँड्युलिफेरा हिमालयात माजत नाही, कारण तिथे तिला खाणारे किडे आहेत आणि पेडणेकरांनी सांगितलेला तांबेराही आहे. इंग्लंडात ती आली तेव्हा हे सारे भाऊबंद मागे राहिले. आपल्या तेरड्याचे भाऊबंद आपल्याकडेच आहेत. मागच्या वर्षी माझ्या अंगणातल्या तेरड्यावर एक अळी सापडली. करंगळीएवढी, अंगावर डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटाला काळे शिंग. चार दिवसांत तिने दोन रोपांचे पान शिल्लक ठेवले नाही, मग मातीत शिरली आणि पुढे तिचा वेगाने पंख मारणारा, मुरुमाच्या रंगाचा पतंग झाला. तुमचा काका खड्ड्यात टाकतो ते काम इथे अळी करते आणि मजुरीही मागत नाही. हाच तेरडा पॅसिफिकमधल्या काही बेटांवर मात्र उपद्रवी ठरला आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. एखादे झाड कुठले आणि कुठे आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला तण म्हणू नये, इतकेच माझे म्हणणे आहे.

रत्नागिरीची लेक

मी लग्न होऊन डिचोलीत आले. माझ्या माहेरी गौर म्हणजे तेरडाच. गौरी आणायच्या दिवशी आई आणि काकू व्हाळाकडे जायच्या, मुळांसकट तेरड्याची रोपे उपटायच्या, मुळे पाण्यात खळखळून धुवायच्या आणि ती जुडी सुपात घेऊन घरी यायच्या. दारात पायांवर दूध-पाणी पडायचे, कुंकवाच्या पावलांवरून गौर आत यायची आणि त्या जुडीलाच मुखवटा आणि साडी. उभी राहिलेली गौर रात्री समईच्या उजेडात पाहिली की पदराआडून एखादे गुलाबी फूल डोकावायचे. लहानपणी मला वाटायचे की ते तिचे कानातले आहे.

म्हणून कुळागरवाली ताईंचे वाचून पोटात कालवले. काकांनी कळ्यांसकट उपटलेला तेरडा आमच्याकडे असता तर तो खड्ड्यात गेला नसता, पाटावर बसला असता.

माटोळीवाला

इथे एक भेद सांगतो, कारण गोव्याबाहेरचे वाचक गोंधळतील. आमच्या घरी गणपतीच्या वर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला नारळाची पेंड, सुपारीचा घड, आंबाडे, तोरिंगे, कवंडाळ आणि रानातली आणखी किती तरी फळे-फुले टांगायची असतात. तेरड्याची फुले माझ्या आजोबांनी कधी माटोळीला बांधली नाहीत, कारण फूल नाजूक, टांगले की दुपारपर्यंत मान टाकते. तो खाली, पूजेच्या तबकात असायचा. शेजारच्या वाड्यावर मात्र रोपेच्या रोपे बांधताना पाहिली आहेत. प्रत्येक घराची रीत वेगळी आहे, तेव्हा इथे कोणी ‘शास्त्रात असे आहे’ म्हणू नये, ही विनंती.

शब्दवेडी

मंडळी, एवढी चर्चा झाली आणि ‘तेरड्याचे रंग तीन दिवस’ अजून कोणीच म्हटले नाही? मला वाटते ही म्हण गौरीवरूनच आली असावी. पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन, तिसऱ्या दिवशी विसर्जन. तिसऱ्या दिवशी तेरड्याचा रंगही जातो आणि माहेरवाशिणीचा थाटही.

रत्नागिरीची लेक

शब्दवेडी, माझी आजी अगदी हेच सांगायची, शिवाय सुनांकडे पाहून सांगायची.

निवृत्त मास्तर

कल्पना सुंदर आहे, पण मला म्हण फुलावरूनच आलेली वाटते, आणि त्यासाठी मी एक उद्योग केला होता. शाळेत असताना मुलांकडून एका रोपावरच्या नुकत्या उमललेल्या पाच फुलांना दोरे बांधून घेतले. पहिल्या दिवशी फुलाच्या तोंडाशी वरच्या बाजूला पांढुरकी छोटी टोपी दिसते. ती म्हणजे पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून झालेली टोपी, आणि तिच्याखाली बीजांडकोश झाकलेला असतो. त्या काळात फूल फक्त पराग देते, घेत नाही. मधाच्या नळीत तोंड घालणाऱ्या माशीच्या पाठीला टोपीचा पराग लागतो. आमच्या पाचांपैकी चार फुलांची टोपी तिसऱ्या दिवशी सकाळी आपोआप गळालेली होती आणि आतले हिरवे टोक उघडे पडले होते. आता फूल पराग घ्यायला तयार झाले. संध्याकाळपर्यंत पाकळ्याही जमिनीवर आल्या. पाचवे फूल चौथ्या दिवसापर्यंत टिकले, त्या दिवशी ऊन नव्हते.

एका मुलीने वहीत लिहिले होते, “फूल दोन दिवस दादा असते आणि मग ताई होते.” मी त्याखाली लाल शाईने बरोबरची खूण केली होती.

म्हण करणाऱ्याने दोरे बांधले नसतील, पण रोज दारातला तेरडा पाहणाऱ्याला हे मोजायला दोरा लागत नाही.

शब्दवेडी

हार मानते. तरी सुनांचा अर्थ मी सोडणार नाही.

सडेफिरस्ता

धागा परसातून थोडा वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, नेतो, विषयाबाहेर जात नाही. ज्यांनी तेरडा फक्त पाटाकडेला पाहिला आहे त्यांनी ऑगस्टच्या शेवटी चोर्ला घाटाच्या बाजूला जावे. ओल्या कातळाच्या कडांवर, धबधब्याच्या तुषारांत, इम्पेशन्स अकॉलिस लागते. तिला खोड जवळजवळ नसतेच, बुडाशी चार पाने आणि त्यांतून वर आलेल्या दांडीवर गुलाबी फुले. झाडीच्या सावलीत पल्चेरिमा दिसते, ज्याचा अर्थच ‘अतिसुंदर’. तिचे फूल तेरड्याच्या दुप्पट मोठे आणि मागची नळी इतकी लांब असते की तळाशी पोचायला लांब सोंडेचे फुलपाखरूच हवे. साताऱ्याच्या कास पठारावर जो गुलाबी गालिचा लोक पाहायला जातात, त्यातही याच प्रजातीच्या जातींचा मोठा वाटा आहे.

कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, कारण पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांत ते आहे. त्या ३९ स्थळांत गोव्यातले एकही नाही. आपल्या सड्यांवर चिरेखाणी होतात, रस्ते होतात, वसाहती होतात, आणि जांभ्याच्या खड्ड्यात दोन महिने जगणाऱ्या या फुलांची कोणी मोजदादही करत नाही, कारण मे महिन्यात पाहणी करायला येणाऱ्याला सडा हा ओसाड दगडच दिसतो. गेल्या वर्षी मी एका ठिकाणी परतलो तर जिथे गुडघ्यावर बसून फोटो काढले होते तिथे खडीचा ढीग होता.

म्हापशेकर

सडेफिरस्ता, फोटो काढणाऱ्यांनीही गुडघ्याखाली काय चिरडले ते एकदा पाहावे.

सडेफिरस्ता

म्हणणे योग्य आहे. मी स्वतः पल्चेरिमाच्या नादात दुसऱ्या दोन रोपांवर बसलो होतो, आणि ते फोटोत नंतर दिसले.

निवृत्त मास्तर

या प्रजातीचा अभ्यास किती अवघड आहे याची एक आठवण. सर जोसेफ डाल्टन हुकर, लंडनच्या क्यू उद्यानाचे माजी संचालक, यांनी आपली शेवटची वर्षे इम्पेशन्सच्या वर्गीकरणाला वाहिली आणि १९११ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी निधन होईपर्यंत ते त्यातच गुंतले होते. अडचण अशी की फूल कागदात दाबले की लगदा होते. आंब्याचे पान शंभर वर्षांनी पाहिले तरी आंब्याचेच असते, पण वाळवलेल्या तेरड्याची शेपटी कुठली आणि पाकळी कुठली हे सांगणे कठीण होते. आपल्या मुलखातल्या हजारो लोकांना जे फूल ताजे दिसते, ते त्यांना कागदावरच्या डागांत शोधावे लागले.

नखरंगी

माझी अगदी लहान गोष्ट आहे. आम्ही काणकोणच्या मुली लाल तेरड्याच्या पाकळ्या आणि पाने थोड्या तुरटीसह ठेचून नखांवर ठेवायचो आणि वर पानाची पट्टी दोऱ्याने बांधून झोपायचो. सकाळी नख नारिंगी. उत्तरेत याला गुलमेहंदी म्हणतात ते उगीच नाही, मेंदीत जो रंगाचा घटक असतो तोच यातही असतो. कोरियातल्या मुलीही हेच करतात, आणि तिथे अशी समजूत आहे की पहिला बर्फ पडेपर्यंत नखावर रंग राहिला तर पहिले प्रेम सफल होते.

म्हापशेकर

म्हणजे गोव्यातल्या मुलींना वयाच्या साठीपर्यंत थांबावे लागेल, कारण काणकोणला बर्फ फक्त मासळीच्या गाडीत येतो.

नखरंगी

मासळीवाल्याशीच लग्न झाले असते तर काम सोपे झाले असते. माझे बँकेतल्या माणसाशी झाले.

रोपवाटिका-काणेकर

मी रोपांचा धंदा करतो, पण माझी जाहिरात करायला आलो नाही. ताईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर अजून धड दिले गेले नाही.

वॉलेरियाना ही ओलाव्याची हौशी असली तरी तिची मुळे कुंडीत असतात आणि कुंडी म्हणजे बंद खोली. बाजारात येणारी रोपे बहुधा कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, छपराखाली वाढवलेली असतात. गोव्याच्या जुलैमध्ये ती उघड्यावर ठेवली की कोकोपीट दिवसरात्र भिजलेले राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि बुडाशी कूज लागते. ताईंनी सांगितलेले ‘बुडाशी मऊ पडून आडवी’ हे त्याचेच लक्षण आहे. तेरडा त्याच पावसात टिकतो, कारण तो उताराच्या जमिनीत असतो. पाणी येते आणि निघून जाते. कुंडीत तेरडा लावून ती पडवीच्या पागोळीखाली ठेवा, तोही कुजेल. मी ठेवून पाहिला आहे.

आणखी एक रोग आहे तो निराळा. पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी दिसते, पाने गळतात आणि नुसत्या काठ्या उरतात. हा केवडा रोग. परदेशात वॉलेरियानाचा त्याने बराच नाश केला, अमेरिकेत २०११-१२च्या सुमारास तर अनेक बागवानांनी ती लावणेच सोडले. तिच्या जागी न्यू गिनीची इम्पेशन्स हॉकेरी घेतात, कारण तिला हा रोग सहसा लागत नाही. तुम्हाला कुंडीत हवीच असेल तर तीच घ्या, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात, आणि अर्ध्या मातीत वाळू मिसळा. पावसाळ्यात मात्र गोव्याच्या अंगणाला तेरड्याला तोड नाही, आणि हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो आहे.

पाटकरी

हे उत्तर आवडले. दुहेरी पाकळ्यांचा, गुलाबासारखा तेरडा माझ्या आत्याने एकदा आणून लावला होता. तिसऱ्या वर्षी त्याच्या बियांतून साधा एकेरी तेरडाच जास्त यायला लागला. रानातल्याशी संकर झाला असणार. तो नाइलाजाने राहू दिला.

रत्नागिरीची लेक

पाटकरी दादा, म्हणजे तुमच्याकडे तेरडा आहे तर!

पाटकरी

आत्याचा आहे.

कुळागरवाली

सर्वांचे आभार. आता मला एक कबुली द्यायची आहे, कारण मास्तरांनी काकांना दोन वेळा बोल लावला आणि मला रात्री चैन पडेना.

काल काका आले तेव्हा मी विचारले की तेरडा का उपटलात. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “तुम्हीच फोनवर सांगितलेत, पाटाची कड साफ करा, चवथीला पाहुणे येणार, काही एक ठेवू नका.” ते खरे होते. मी पणजीहून घाईत फोन केला होता आणि हेच शब्द वापरले होते. ‘रान’ हा शब्दही त्यांनी माझ्या हळहळीवर फुंकर घालायला वापरला असावा, कारण पुढे ते म्हणाले की त्यांच्या घरी पाटाच्या दुसऱ्या टोकाला, त्यांनी स्वतः राखलेली तेरड्याची एक रांग दरवर्षी असते. पांढरा तेरडा वेगळा, गुलाबी वेगळा. पांढऱ्याचे बी ते कागदाच्या पुडीत घालून माळ्यावर ठेवतात, पुडीवर तांदळाच्या गोणपाटाचा तुकडा गुंडाळून, म्हणजे वाळवी लागली तर आधी गोणपाट खाईल.

पाटकरी दादांचे पाटाच्या तोंडाचे म्हणणे काकांनाही पटते. त्यांच्या मते तोंडापासून दोन हात सोडून पुढे तेरडा राहिला तर काही बिघडत नाही, उलट पावसाने कडेची माती धुपते ती थोडी थांबते. यंदा खड्ड्यातल्या ढिगातून काही रोपांनी मान वर काढलेली दिसते. रसाळ खोड असल्यामुळे मेलेली नव्हती. मी पाच-सहा उचलून पाटाकडेला परत लावली आहेत.

निवृत्त मास्तर

काकांची मी मनापासून माफी मागतो. त्यांच्यापर्यंत पोचवावी.

कुळागरवाली

पोचवली. त्यांनी विचारले की मास्तरांना पांढऱ्याचे बी हवे आहे का.

निवृत्त मास्तर

हवे आहे. बोंड फिकट होऊन फुगले की ते झाडावर असतानाच मुठीत घेऊन बंद करावे लागते, मगच तोडायचे, एरवी सगळे बी अंगणात जाते. काकांना हे मी सांगायला नको.

रत्नागिरीची लेक

मलाही हवे. पोस्टाने पाठवाल का?

रोपवाटिका-काणेकर

पूर्ण वाळलेले बीच पाकिटात घालावे, ताजी बोंडे नव्हे. एकदा एका ग्राहकाने मला बोंडांसकट पाकीट पाठवले होते. ते टेबलावर ठेवले आणि मी चहाला उठलो, तेवढ्यात आतून टिचकी मारल्यासारखे तीन-चार आवाज आले. आमचा पोर ओरडत बाहेर आला की पाकिटात किडा आहे.

कुळागरवाली

काकांनी पुड्या बांधायला घेतल्या आहेत. पाटकरी दादा, एक तुमच्या आत्यालाही.